दाणे नाहीत हो, कूट आहे

माझा डबा काकूंनी पातेल्यात उपडा केला. वर बुडाला दोन चापट्या मारल्या, कणभरही मागे राहू नये म्हणून.

पौष वद्य एकादशी, म्हणजे त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा. आमची सोसायटी त्र्यंबक रस्त्याला लागून आहे, सातपूरच्या अलीकडे. रस्त्याने जाणाऱ्या वारकऱ्यांना त्या दिवशी चहा-फराळ द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. पार्किंगमध्ये सतरंज्या, मोठं पातेलं आणि साबुदाण्याची खिचडी. मला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, म्हणून मी घरून वेगळा डबा करून नेला होता. झाकणावर पांढरी पट्टी चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं होतं : बिनदाण्याची. काकूंनी ते वाचलं, हेच तर माझं दुःख आहे. कोणाच्या तरी घरी कूट संपलेलं दिसतंय, असं समजून त्यांनी त्या गरीब खिचडीला कुटाच्या खिचडीत सामावून घेतलं. आणि माझ्या हातात एक केळं ठेवलं.

आता ती खिचडी काय योग्यतेची होती हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

खिचडीत कूट चवीसाठी घालतात असा समज आहे. तो अर्धाच खरा. भिजलेला साबुदाणा अंगचाच चिकट. कुटाची तेलकट भरड त्याच्या मण्यामण्याला बसते आणि त्यांना एकमेकांच्या गळ्यात पडू देत नाही. कूट काढलं की कढईत खिचडी उरत नाही, खळ होते. तेव्हा कुटाच्या जागी काहीतरी कोरडं, भरड आणि तेलबीचं हवं. सुकं खोबरं घालून पाहिलं. खिचडी मोकळी झाली, पण गोड. आणि गार झाल्यावर खोबरेल लावलेल्या डोक्यासारखा वास. भोपळ्याच्या बियांनी रंग हिरवट आला, मेहुण्याने चमच्याने उकरून "बुरशी धरलीय का?" असं विचारलं. पंढरपुरी डाळं पोताला फक्कड जमतं, पण तो पडला हरभरा. आईने वाटीतलं डाळं पाहून माझ्याकडे न बघता देव्हाऱ्याकडे बघितलं. तीळ जरा जास्त भाजले की कडू होतात, शिवाय तिळाचीही अॅलर्जी कित्येकांना असते, म्हणजे पाहुण्याला वाढताना पुन्हा चौकशी आलीच. काजूला डॉक्टरांनी हात लावू दिला नाही. शेंगदाणा बाधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना काजू-अक्रोडासारखे प्रकारही बाधतात, म्हणाले, तपासल्याशिवाय नको.

शेवटी सापडली मगज. खरबुजा-कलिंगडाच्या सोललेल्या पांढऱ्या बिया. मंद आचेवर भाजायच्या. तापल्या की टणाटण उडतात, म्हणून वर झाकण हवं. किंचित गुलाबी झाल्या की लगेच उतरवायच्या आणि पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला एकच झटका द्यायचा. दुसरा दिला की चटणी. जिरं जरा जास्त, लिंबू सढळ, वरून ओलं खोबरं. आणि मगज घ्यायची ती बंद पाकिटातली. रविवार कारंजाच्या बाजूला सुट्टी मिळते, स्वस्त पडते, पण शेजारच्या पोत्यात शेंगदाणे असतात आणि दोन्ही पोत्यांना माप एकच.

तर अशी ती खिचडी. ठण्‌ठण्‌.

"काकू, त्यात दाणे आहेत," मी म्हणालो.

"दाणे नाहीत हो," काकू म्हणाल्या, "कूट आहे."

मी केळं खाली ठेवलं.

"कूट दाण्यांचंच ना?"

"हो, पण बारीक केलंय. दाताखाली येणार नाही."

मी म्हणालो, मला ते दातांना बाधत नाही. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो. काकू सहानुभूतीने ऐकत होत्या. त्यांनी पातेल्यात डाव फिरवला, थोडी खिचडी वर काढून निरखली आणि म्हणाल्या, "कच्चे नाहीत घातलेले. खमंग भाजून, सालं काढून घेतलेत. बाधतं ते साल."

सालाचा काही संबंध नाही, दाण्यातलं प्रथिन बाधतं, आणि डॉक्टर सांगतात की उकडलेल्यापेक्षा भाजलेला दाणा जास्त जोर करतो, असं मी म्हणालो. 'प्रथिन' या शब्दावर काकू खूश झाल्या. "तेच म्हणते मी, प्रथिनं असतात त्यात. खायला हवेत तुम्ही."

तोवर रांगेतले एक काका पत्रावळ घेऊन आमच्या मधोमध उभे राहिले होते. ते म्हणाले, "आमच्या वेळी नव्हत्या बुवा अॅलर्ज्या." हे वाक्य मला इतक्यांनी ऐकवलंय की ते शाळेत पाठ करून घेत असावेत. काकांच्या वेळी ती होती, फक्त तिचं नाव 'पोरगं अचानक गेलं' असं होतं. पण एकादशीच्या दिवशी असलं बोलू नये म्हणून मी गप्प बसलो. काकांना तो होकार वाटला. "लहानपणी मातीत खेळला नसाल. आणि मला एक सांगा, दाणा म्हणजे शेंगेतला. तूरही शेंगेतली. मग वरण कसं चालतं तुम्हाला?"

प्रश्न बरोबर होता, याचाच जास्त राग आला. शेंगदाणा खरोखरच तूर-हरभऱ्याच्या कुळातला आहे, काजू-बदामाच्या नाही. तरीही शेंगदाणा न चालणाऱ्या बहुतेकांना डाळी चालतात, मला चालतात. मी हे सांगितलं. काका पातेल्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे मनाचं आहे."

"थोडी देऊन बघू का?" काकूंनी विचारलं. "एवढीशी. सवय होते हळूहळू."

अशी सवय लावण्याचे उपचार असतात, नाही असं नाही. पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजूनमापून कणाकणाने देतात. पार्किंगमध्ये डावाने नाही.

या सगळ्याला तोड नाही असं वाटत असेल तर महाराष्ट्रात शेंगदाणा टाळून एक दिवस जगून दाखवा. कोशिंबिरीत कूट, ठेच्यात दाणे, अळूच्या फदफद्यात अख्खे दाणे, संक्रांतीच्या तिळगुळाच्या लाडवातसुद्धा तिळाच्या नावावर निम्मं कूट. मिसळीसाठी लोक लांबून गाड्या काढून नाशिकला येतात, आणि मी इथे राहून दोन पापड आणि जिलबीवर परततो, कारण "रश्शात कूट आहे का?" या प्रश्नाला वाढपी "पाहिजे का?" असं उत्तर देतो. चिवड्याच्या दुकानात सांगतात, वेचून खा ना साहेब. पाकिटबंद वस्तूंचं त्या मानाने बरं आहे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन असल्या गोष्टी आत असतील तर तसं पाकिटावर वेगळं छापावंच लागतं. छापतातही, मुंगीला वाचता येईल अशा टायपात. पण पातेल्याला लेबल नसतं, आणि डब्याला लावलेल्या लेबलाचं काय होतं ते सांगून झालंच आहे.

त्यात हल्ली घाण्याच्या तेलाची लाट आली आहे. नीट शुद्ध केलेल्या रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून बऱ्याच जणांना ते चालून जातं. घाण्याच्या तेलात ते उरतं. म्हणजे जो यजमान पाहुण्याच्या प्रकृतीला जितका जपतो, तितका तो मला धोक्याचा. गंगापूर रोडला एका घरी लाकडी घाण्याच्या तेलातली थालीपीठं मी नाकारली तेव्हा "अहो, शुद्ध आहे, आमच्यासमोर काढून आणलंय" असं तीनदा ऐकून घ्यावं लागलं. शुद्ध आहे म्हणूनच तर.

आणि उपासाला दाणे लागतातच हे तरी कोणी ठरवलं? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, हिरवी मिरची आणि शेंगदाणा ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. युरोपातली जहाजं समुद्रापलीकडे जायला लागल्यावर इकडे आली. ती उपासाला बिनतक्रार चालतात. हजारो वर्षं इथे पिकणारा गहू चालत नाही. तिळाबद्दल दर घरी वेगळा निकाल, आणि ही एकादशी तर खुद्द षट्‌तिला! हे मी एकदा घरी बोललो, तर आई म्हणाली, "तू भगर खा." भगरीबद्दल तक्रार नाही, ती तर आमच्या नाशिककडचीच. पण तिच्याबरोबर आमटी असते दाण्यांची.

असो. पार्किंगमध्ये माझी सुनावणी चालू असताना रांगेतले एक वारकरी आजोबा पुढे आले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, खांद्यावर पडशी. त्यांनी माझ्याकडे, मग केळ्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात विचारलं, "माउली, दाणे काशीला सोडलेत का?"

मी काही म्हणायच्या आत काकूंचा डाव थांबला. काकांनी पत्रावळ खाली केली.

"हो," मी म्हणालो.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "मग आधी नाही का सांगायचं!"

पुढची पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. कोणाला तरी वर पिटाळून धुतलेलं पातेलं आणवलं. हात पुन्हा धुतले. कुटाचा चमचा इकडे लागता कामा नये म्हणून काकूंनी सुनेला दम भरला. बटाट्याचा कीस वेगळ्या कढईत, वेगळ्या झाऱ्याने परतला. तेल कुठलं ते मला दोनदा विचारलं, मग साजूक तूपच घातलं. डॉक्टरांनी छापील कागदावर लिहून दिलेली सगळी पथ्यं, ज्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांच्या दारात उभा राहून हात जोडलेत, ती तिथे एका शब्दावर अक्षरशः पाळली गेली. "बाधलं तर बाधलं, पण नेम मोडायला नको," असं काकू सुनेला सांगत होत्या. बाधलं तर बाधलं! मला रात्री रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं तेव्हाची गोष्ट हसत सांगायची सवय मी स्वतःला लावून घेतलीय. डॉक्टरांनी अॅड्रेनलिनचं इंजेक्शन टोचेपर्यंत माझा श्वास शिटीसारखा वाजत होता. ती गोष्ट याच काकूंना सांगून झाली होती. तेव्हा त्यांनी "दाणे खवट असतील" असं निदान केलं होतं.

कीस मात्र झकास झाला होता, हे नाकारता येत नाही.

खाताना काकू समोर बसल्या आणि काशीची चौकशी करू लागल्या. रेल्वेने मी आजतागायत भुसावळच्या पुढे गेलेलो नाही. गंगा कशी आहे म्हणाल्या, मोठी आहे म्हणालो. गर्दी? आहे. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि भाजी कुठली सोडलीत? आमच्या सासऱ्यांनी एक फळ आणि एक भाजी सोडली होती."

अशा वेळी शहाणा माणूस कारलं म्हणतो. दोडका म्हणतो. माझ्या डोक्यात त्या क्षणी वांगं का आलं, मला सांगता येणार नाही. बहुधा आदल्याच रविवारी मला भरली वांगी साधली होती म्हणून. कुटाऐवजी भाजलेले तीळ, सुकं खोबरं आणि कारळे. त्यात गोडा मसाला, चिंच, गूळ. कारळ्यांनी मसाल्याला असा काळपट दाटपणा येतो की कूट घालणारेही पुन्हा वाढून घेतात. बोटं चाटत मी हिला म्हणालो होतो, आता जन्मभर दुसरं काही नको.

"वांगं," मी म्हणालो.

परवा आमच्याच मजल्यावर डोहाळजेवण होतं. मुलीच्या आईने आदल्या दिवशी फोन करून माझ्याकडून कृती लिहून घेतली होती, कारळे खास भद्रकालीतून आणवले होते, कढई नवी काढली होती. पंगतीत माझ्यासमोर वाडगा आला तेव्हा त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. छोटी जांभळी वांगी, देठासकट, वर तेलाचा लालसर तवंग. असा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. मी पानात जागा केली.

समोरच्या पंगतीतून काकूंचा आवाज आला, "अहो, अहो, यांना वांगं नका वाढू! काशीला सोडलंय यांनी!"

वाढणारी मुलगी जीभ चावून मागे सरली. शेजारचे काका म्हणाले, "बघा, केवढा मोह टाळला!" आणि माझ्या वाटची दोन्ही वांगी स्वतःच्या पानात घेतली.