तुळईचा सीटी स्कॅन काढून बुरशी मरत नाही, मामा

रविवारी सकाळी मामाचा फोन. "सुताराला नको म्हणून सांगितलं. स्कॅन करून घेऊ, बुरशी तिथल्या तिथे मरते." मामाचं घर कोकणातलं, कौलारू. पडवीची तुळई भिंतीत शिरते तिथे दोन पावसाळे गळतंय. त्याने वाचलेला मेसेज मला चार ग्रुपवर आलाय: "आता लाकडाचाही सीटी स्कॅन! हातात मावणारं यंत्र तुळईला लावा, आतली बुरशी थ्रीडीत दिसते आणि त्याच एक्स-रेने मरते. साग असेल तर तपासायचीही गरज नाही."

आधी ते 'मरते'. त्यापायी सुतार परत गेला.

किरणांनी बुरशी मरते हे खरं आहे, मान्य. इजिप्तचा प्राचीन राजा दुसरा रामसेस, त्याच्या ममीला बुरशी लागली तेव्हा १९७७ साली फ्रान्समध्ये तिच्यावर गॅमा किरण सोडले होते. पण डोस किती? आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्ब्याच्या 'आयसोमेड' या किरण-केंद्रात वैद्यकीय सामान निर्जंतुक करायला साधारण २५ किलोग्रे लागतात (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), तेही जाडजूड भिंतींआड. इस्पितळातल्या सीटी स्कॅनचा डोस असतो काही मिलिग्रे, फार तर काही डझन. म्हणजे दहा लाख पटींच्या आसपास फरक. हातातल्या यंत्रातून तेवढा डोस खरंच निघाला, तर बुरशीच्या आधी यंत्र धरणाराच जाईल! आणि समजा मेली बुरशी. कौल गळतंच आहे, लाकूड ओलंच आहे, पुढच्या पावसात नवी येणार. किरण काही लाकडात मुरून राखण करत बसत नाहीत.

आता 'दिसते'. लाकडातली कूज थ्रीडी एक्स-रेने अभ्यासतात, हे खोटं नाही. पण तिथे काडेपेटीतल्या काडीएवढा तुकडा यंत्रात फिरवत शेकडो एक्स-रे काढतात आणि संगणक त्यातून आतलं चित्र जुळवतो. चित्राच्या रुंदीत दोन हजार ठिपके धरा. चार मिलिमीटरच्या तुकड्यात एक ठिपका दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो, वीस सेंटिमीटरच्या तुळईत शंभर मायक्रॉनचा. बुरशीचा धागा जेमतेम दोन-चार मायक्रॉन. शिवाय तो लाकडासारखाच कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजनचा, त्यामुळे करड्यात करडा मिसळतो. बहुतेक वेळा दिसते ती बुरशीने केलेली पोकळी. त्यात लाकूड ओलं असलं की पाणीही किरण अडवतं आणि कुजका भाग भरीव भासतो.

खरी गोम पुढे आहे. अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीचं 'वुड हँडबुक' सांगतं की कुजून वजन दहा टक्के घटेपर्यंत बहुतेक प्रकारची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असते. म्हणजे चित्रात तुळई जवळजवळ धडधाकट आणि वर कौलांचा भार. याच पुस्तकानुसार ओलावा वीस टक्क्यांच्या आत असलेलं लाकूड कुजत नाही. मग पैसे स्कॅनला घालायचे की कौलांना?

सागाचं म्हणाल तर आतलं तपकिरी लाकूड खरंच चिवट. बाहेरचा फिकट पट्टा मात्र कुजतो, आणि जुन्या तुळयांत तो सर्रास ठेवलेला असतो.

मामाला म्हटलं, भिंतीजवळ स्क्रूड्रायव्हर खुपसून एक ढलपी उचकटून बघ. चांगल्या लाकडाची लांब निघते, कुजक्याची तुकडा पडून तुटते. फोन चालूच होता. "तुटली," म्हणाला, "आणि दांड्यापर्यंत आत गेला गं." सुतार आता गुरुवारी येतोय.