दुबळ्या दिशेच्या मापाने सगळा डेटा कापू नका

प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास दिला जातो : क्ष-किरणांचे विवर्तन दिशेनुसार कमी-जास्त असेल, तर सर्वांत दुबळ्या दिशेच्या मर्यादेवर सगळा डेटा कापावा, कारण आर-मर्ज (मोजमापांतील विसंगतीचा निर्देशांक) भरमसाट वाढतो, संपूर्णता (अपेक्षित मोजमापांपैकी मिळालेल्यांचा वाटा) घसरते आणि लंबगोलाकार कापणी, म्हणजे प्रत्येक दिशेला तिच्या मर्यादेपर्यंतचा डेटा ठेवणे, हे केवळ रिझोल्यूशनचा, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो त्याचा, आकडा फुगवणे असते.

आधी नुकसान मोजू. स्फटिक दोन दिशांना २.० अँगस्ट्रॉमपर्यंत आणि रेणूंची पकड सैल असलेल्या तिसऱ्या दिशेला ३.० पर्यंतच विवर्तन देतो असे समजा (आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक). लंबगोलातील रिफ्लेक्शनांची, म्हणजे विवर्तनाने उमटणाऱ्या ठिपक्यांची, संख्या या तीन मर्यादांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे सरसकट ३.० वर कापल्यास २७ ला १२ या हिशेबाने जेमतेम ४४ टक्के रिफ्लेक्शने उरतात आणि निम्म्याहून अधिक उपयुक्त मोजमापे फेकली जातात.

आर-मर्जचा आक्षेप तर निकष म्हणूनच टिकत नाही. तो सुट्या मोजमापांमधील तफावत दाखवतो. एकच रिफ्लेक्शन अधिक वेळा मोजले की सरासरी सुधारते, पण आर-मर्ज वाढतो. डीडरिक्स आणि कार्प्लस या संशोधकांनी १९९७ मध्ये त्यावर दुरुस्ती सुचवली आणि २०१२ मध्ये डेटाच्या दोन यादृच्छिक अर्ध्यांमधील सहसंबंध, म्हणजे सीसी-हाफ, पुढे आणला.

संपूर्णतेबाबत बारकाईने पाहायला हवे. वरच्या उदाहरणात २.० च्या पूर्ण गोलाच्या मानाने ती सुमारे ६७ टक्केच भरेल, बाहेरच्या, सर्वांत बारीक तपशिलाच्या कवचात त्याहून कितीतरी कमी. परंतु वगळलेली रिफ्लेक्शने मोजायची राहिलेली नसतात, ती मोजूनच गोंगाटात बुडालेली आढळलेली असतात. स्फटिक पुरेसा न फिरवल्याने राहिलेली पोकळी ही खरी उणीव, आणि ती लंबगोलाच्या आतील संपूर्णतेत लपत नाही.

आकडा फुगवण्याच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. नुसते ‘२.० अँगस्ट्रॉम’ लिहिणे दिशाभूल करणारे आहे. तिन्ही मर्यादा आणि गोलाची व लंबगोलाची अशी दोन्ही प्रकारची संपूर्णता द्यायलाच हवी. शिवाय कापणी मर्जिंगनंतर, म्हणजे एकाच रिफ्लेक्शनची मोजमापे एकत्र केल्यावर, आसपासच्या रिफ्लेक्शनांच्या सरासरी सिग्नलवरून करावी. एकेक क्षीण रिफ्लेक्शन वेचून काढले तर उरलेल्यांची सरासरी खोटी वर सरकते. वगळलेल्या जागी प्रथिनाच्या मॉडेलवरून काढलेली मूल्ये भरून इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा रंगवला, तर तो मॉडेलचीच री ओढतो. म्हणून ती न भरलेला नकाशाही तपासावा, आणि प्रोटीन डेटा बँक या रेणूरचनांच्या सार्वजनिक संग्रहात न कापलेला डेटाही जमा करावा.