घेतलं कुठून, आणि केलं काय?

डिझायनर कल्पना कुठून घेतात यावरचा लेख आवडला, पण ‘अस्सल असं काही नसतंच, प्रत्येक डिझायनर कुठून तरी उचलतोच’ हे त्यातलं विधान पटलं नाही. अशानं सरळसरळ नक्कल करणाऱ्यालाही आयती सबब मिळते.

अमेरिकन ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर यांचं १९६६ चं गायक बॉब डिलनचं पोस्टर बघा. चेहऱ्याच्या काळ्या छायाकृतीची कल्पना चित्रकार मार्सेल द्युशाँच्या आत्मचित्रावरून आली, केसांच्या रंगीत लाटांमागे इस्लामी चित्रकला होती, आणि ग्लेझर हे स्वतःच सांगत. तरी पोस्टर पाहताना द्युशाँ आठवत नाही, डिलनच दिसतो! एकमेकांपासून इतक्या लांबच्या दोन गोष्टी जवळ आणायला नजर लागते, ती उसनी मिळत नाही.

अमेरिकन चित्रकार शेपर्ड फेअरी यांचं २००८ चं ओबामांचं ‘होप’ पोस्टर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रावरून केलेलं. चित्र म्हणून ते मला आजही जबरदस्त वाटतं. पण नेमका कोणता फोटो वापरला हे लपवण्यासाठी त्यांनी त्या वृत्तसंस्थेशी झालेल्या खटल्यात खोटे पुरावे तयार केले आणि २०१२ मध्ये तो गुन्हा कबूल केला. मला जास्त खटकतं ते हे लपवणं.

नव्या मुलांची मात्र काळजी वाटते. लोगो करायचा म्हणून ती फक्त इतरांचे तयार लोगोच चाळतात. मग सगळ्यांचं काम सारखं दिसणारच. त्यापेक्षा जुने नकाशे, विणकाम, वनस्पतींची रेखाटनं बघा. आणि क्लायंटला डिझाइन दाखवताना कशावरून सुचलं तेही सोबत दाखवा, त्यात कमीपणा कसला?