कूलर बंद करा, कर्व्ह काढून राहिलो

नवे स्पीकर घेतले म्हणजे लगेच गाणी लावता येत नाहीत बाप्पा, आधी खोलीत आवाज कसा घुमतो ते मोजा. कानाच्या उंचीवर माईक, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर (फुकट आहे म्हणून तेच), आणि मग स्पीकरमधून खालून वर चढत जाणारा एक लांबलचक हूंऽऽऽईईई. एवढ्या वेळ घरात आवाज नको. आता मे महिन्यात, नागपुरात, आवाज नको म्हणजे पंखा बंद, कूलर बंद, बाहेर 45 डिग्री आणि मी बनियनवर कोपऱ्यात श्वास रोखून. आई दाराबाहेरून, "अरे काय करून राहिला रे, भाजून निघशील ना!"

कोणता सूर किती जोरात येतो त्याच्या ग्राफमध्ये बेसला भला मोठा डोंगर. खोली 12 फूट लांब, त्यामुळे 47 हर्ट्झच्या जवळपास घुमणारच, पण गंमत अशी की गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, म्हणजे जानेवारीत 15 डिग्रीला हा डोंगर साडेसेहेचाळीसवर आणि खोली 40 डिग्रीला गेली की अठ्ठेचाळीसच्या पुढे! संत्र्याला आंबिया आणि मृग, तसे आमच्या बेसला पण दोन बहार. डोंगराच्या बाजूला खड्डाही होता, तो मी सोडून दिला, तिथे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, कितीही वाढवा, अँपच तापते.

पण खरा ताप टार्गेट कर्व्हचा, म्हणजे ग्राफची रेघ शेवटी कशी दिसली पाहिजे त्याचा. सपाट लावला तर झांजा सरळ मेंदूत, कारण चांगल्या स्पीकरचा ग्राफ खोलीत आपोआपच ट्रेबलकडे उतरता येतो, त्याला ओढून सरळ करायचं तरी कायले? डेन्मार्कच्या ब्रुएल अँड केअर या आवाज मोजायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीवाल्यांनी 1974 मधेच असा हळूच उतरता कर्व्ह सांगून ठेवलाय, तो मले आवडला. हर्मन या ऑडिओ कंपनीचा घेतला तर बेस अजून भरगच्च. भाचा म्हणे, "मामा, अजून वाढव ना बे!" मामाला बे म्हणतो, जाऊ द्या. पण त्याचा दोष नाही, हर्मनच्या शॉन ऑलिव्ह वगैरे मंडळींनी 2013 साली माणसं बसवून तपासलं तेव्हा पोरासोरांना आणि कान न तयार झालेल्यांना बेसही जास्त लागला, ट्रेबलही. आईला दोन्ही नको, "शब्द समजले पाहिजे बस." बायकोचा कर्व्ह म्हणजे व्हॉल्यूम कमी.

शेवटी 300 हर्ट्झच्या वर हातच लावला नाही (माझं मत विचाराल तर कोणीच लावू नये), खालचं नीट केलं, ब्रुएलवाला सेव्ह केला, आणि घामाघूम होऊन कूलर लावला. झालं! त्या घरघरीत तबल्याचा बायाँ गायब, तंबोरा गायब. मग कूलरसाठी वेगळा प्रीसेट केला, बेस थोडा वर, आईचा एक वेगळा, भाच्याचा एक.

सध्या भाच्याचाच चालू आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर काही इलाज नाही.