हाक कुणाला मारली?

माझ्या टेबलावर १९८२ सालच्या जातीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आहे. रबरी कळा, ४८ के मेमरी आणि बंद-चालूचं बटण नाही. चालू करायचा तर वायर खुपसायची, बंद करायचा तर उपटायची. मागे काही जोडायचं-काढायचं तर आधी वायर उपटायचीच, नाहीतर मशीन कायमचं झोपतं. गेल्या पंधरा दिवसांत ही वायर मी इतक्या वेळा उपटली आहे की आता झोपेतही माझा हात त्याच दिशेला जातो.

झालं असं की मशीनच्या पोटाखाली मी इंटरफेस वन बसवला. हा १९८३ चा ठोकळा. तो स्क्रूने आवळायचा असतो आणि त्याला मायक्रोड्राइव्ह जोडतात. मायक्रोड्राइव्ह म्हणजे फितीच्या वेटोळ्याची इवलीशी डबी चालवणारं यंत्र, आणि त्या डबीत जेमतेम पंच्याऐंशी-नव्वद के माहिती मावते. माझ्याकडे मायक्रोड्राइव्ह नाही. ठोकळा मात्र मिळाला होता, आणि मिळालेली वस्तू न बसवता ठेवणं मला जमत नाही.

त्या ठोकळ्याच्या पाठीला मी डिव्हएमएमसी नावाचं आजच्या काळातलं कार्ड लावलं. हे मोठं लबाड प्रकरण आहे. कॅसेटवरून गेम लोड करताना प्रोसेसर रॉममधल्या, म्हणजे मशीनच्या कायमच्या सूचना असलेल्या मेमरीतल्या, १३७८ या पत्त्यावर पोचला की हे मधेच रॉम बाजूला सारतं, स्वतःचं घुसवतं आणि मेमरी कार्डातला गेम पुढे करतं. मशीन बिचारं समजतं, कॅसेटच चालली आहे.

दोन्ही लावून वायर खुपसली. पडद्यावर रंगीत चौकटींची गोधडी पसरली. परत उपटली, परत खुपसली. या वेळी उभ्या पट्ट्या. तिसऱ्यांदा सुरुवात बरी झाली आणि मग जे थिजलं ते थिजलंच. कळ दाबा, शिव्या द्या, काही फरक नाही.

अशा वेळी जाणकारांचा एकच मंत्र असतो: कॉन्टॅक्ट साफ करा. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, खोडरबराने घासले, परत पुसले. तांबं आरशासारखं लखलखलं. त्यात माझा चेहरा दिसला आणि मशीन बंद पडलं. मग संशय वीजपुरवठ्यावर. मल्टिमीटर लावला, पाच व्होल्ट बरोबर. पाच व्होल्ट पुरवणारा रेग्युलेटर गरम होता, पण तो ७८०५ नावाचा भाग जन्मापासून गरमच असतो. त्यावर मी हात ठेवून खात्री केली, ही त्यातल्या त्यात उपयोगाची माहिती. मेमरी कार्ड तीनदा फॉरमॅट केलं. चौथ्यांदा करताना मुलगी येऊन उभी राहिली.

"बाबा, दोन्ही एकदम लावायलाच पाहिजेत का?"

"अगं, सगळी मजा त्यातच आहे."

"कसली मजा? तुमच्याकडे तो ड्राइव्ह तरी कुठे आहे?"

मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं. खरं कारण म्हणजे ते स्क्रू. एकदा आवळलेले स्क्रू पुन्हा सोडवणं म्हणजे पराभव कबूल करणं. तो मी रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, गुपचूप केला. कार्ड एकटं लावलं: झकास. ठोकळा एकटा लावला: झकास. दोघे एकत्र: गोधडी.

मग कागद-पेन्सिल घेतली. प्रोसेसर जोडलेल्या वस्तूंना ज्या नंबरांनी हाक मारतो ते पोर्ट. डिव्हएमएमसी आपलं काम २२७, २३१ आणि २३५ या तीन पोर्टांवर चालवतं. मायक्रोड्राइव्हचा डेटाही २३१ वरूनच येतो-जातो. म्हणजे हाक एक, ओ देणारे दोन. पण एवढ्यावर भागलं नाही. पोर्टचा नंबर मशीनच्या भाषेत, शून्य-एकच्या आठ अंकांत लिहिला तर २३१ म्हणजे १११००१११. इंटरफेस वन हे आठही अंक वाचतच नाही. मधले दोन तेवढे शून्य दिसले की झालं, "मलाच बोलावलं!" २२७ म्हटलं तरी तो उठतो, साधं शून्य म्हटलं तरी उठतो. कानाने अधू झालेल्या आजोबांसारखं. घरात कुणीही कुणालाही हाक मारावी आणि आजोबांनी आतून विचारावं, "काय रे, मला म्हणालास?"

एवढं विचारून आजोबा गप्प बसते तर चाललं असतं. पण ठोकळ्याला उठवलं की तो प्रोसेसरलाच हात करून थांबवतो: फितीवरून आठ बिटं येऊ देत, मग पुढे. फीत नाही, ड्राइव्ह नाही, त्यामुळे आठ बिटं यायची नाहीत. म्हणजे चष्मा सापडेपर्यंत घरातल्या कुणी हलायचं नाही, आणि चष्मा मुळात कधी घेतलेलाच नाही! माझं मशीन पंधरा दिवस खराब नव्हतं. ते अत्यंत आज्ञाधारकपणे वाट पाहत उभं होतं.

गोधडीचा खुलासा वेगळा. रॉम बाजूला सारायची विद्या दोघांनाही येते, आणि दोघेही ८ नंबरच्या पत्त्यावर टपलेले. तिथे मशीन चूक झाली की जातं. एवढंच नाही, प्रोग्राम नीट संपला तर 'ओके' म्हणायलाही तिथेच जातं. (सगळं ठीक आहे हे सांगायला तक्रारखिडकीवर जाणारं यंत्र मला तरी आपलंसं वाटतं.) मशीन तिथे पोचलं की दोघे आपापली रॉम एकदम पुढे सरकवतात आणि प्रोसेसर निम्मं याचं, निम्मं त्याचं वाचत सुटतो.

दोष कुणाचाच नाही. ठोकळा बनवणाऱ्याला काही दशकांनी असं कार्ड निघेल हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. एकाच मशीनला दोन्ही आवळणारा मीच.

आता ठोकळा खणात आहे. काल मशीन सलग तीन तास चाललं, एकदाही अडकलं नाही. मुलगी म्हणाली, "आता खेळा की." मी दहा मिनिटं खेळलो. मग उठून कपाटातून जुना झेडएक्स प्रिंटर काढला. तोही त्याच जमान्यातला, पत्त्याच्या तारांपैकी (दर अंकाला एक, उजवीकडून ए-० पासून मोजायच्या) ए-२ ही एकच तार ऐकणारा, तिथे शून्य दिसलं की ओ देणारा. कागदावर डिव्हएमएमसीचा २३५ लिहिला: १११०१०११. उजवीकडून तिसरा अंक पाहिला. शून्य.

वायर अजून खुपसलेली नाही. पण प्रिंटर टेबलावरच आहे.