नाक घासून पिल्लू शिकत नाही!

आत्ता जिना चढताना वरच्या मजल्यावरून कुत्र्याच्या पिल्लाचं केकाटणं ऐकू आलं. दार उघडंच होतं. ऑफिसातून आलेला शेजारचा दादा अडीच महिन्यांच्या पिल्लाची मानगूट धरून त्याचं नाक त्याच्याच शूमध्ये घासत होता. मला म्हणाला, "ताई, असंच शिकतात ही." सोड म्हटलं, सोडलं त्याने. माझे हात अजून थरथरतायत.

आमची चिंगी अशाच 'शिकवणाऱ्या' घरातून आमच्याकडे आली. काय शिकली होती ती? माणसासमोर शू करायची नाही, एवढंच. खाली नेलं की पट्ट्याच्या टोकाला अंग चोरून उभी राहायची, थेंब नाही. वर आलो की कपाटामागे जाऊन मोकळी व्हायची. फरशीवर करू नये हे तिला कधी कळलंच नव्हतं. माणूस बघतोय म्हणजे मार बसणार, एवढं कळलं होतं.

अरे, त्या वयात ताबाच नसतो! जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, फार तर तेवढे तास धरवतं, तेही जेमतेम. हे पिल्लू सकाळी नऊपासून कोंडलेलं. मालक दिसल्यावर काही पिल्लांना आनंदानं, भीतीनं आपोआप होते. त्यावर ओरडलात की आणखी होते.

दोघं नोकरी करतात, मान्य. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या (पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गाच्या) धास्तीने रस्त्यावर नेता येत नाही, तेही मान्य. मग गॅलरीत पेपर घाला, जागा रोज तीच ठेवा. झोपून उठलं, खेळून दमलं, खाऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की उचलून तिथे न्या. केली की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाचा, ते त्याला कळत नाही. आणि नुसत्या फिनेलवर विसंबू नका. आपल्याला वास गेला तरी त्याच्या नाकाला जागा सापडते. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा.

चिंगीला आम्ही एवढंच केलं. पहिल्यांदा माझ्यासमोर, पावसात, सोसायटीच्या कुंपणाशी ती बसली तेव्हा मी छत्री टाकून तिला कवटाळलं होतं. मारून हे झालं असतं का?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. दादा वाईट नाही. त्याच्या लहानपणी घरात हेच पाहिलं असणार त्याने, आणि दिवसभराचा दमलेला होता. चिंगीच्याही आधीच्या घरातली माणसं अशीच दमलेली असतील. पण पिल्लाने का सोसायचं?

उद्या सकाळी वर जाऊन सांगणार आहे, किल्ली माझ्याकडे ठेव. दुपारी दोननंतर मी घरीच असते, तेव्हा पिल्लू माझ्याकडे. अकरा-साडेअकराची एक फेरी मात्र मला जमणार नाही. बी विंगमधलं कोणी ती घेईल का? इथेच सांगा, म्हणजे सकाळी त्याच्याशी तेही बोलून घेते.