मोठी लेन्स घेण्याआधी मातीचा थाळा घ्या

हिवाळा तोंडावर आला की पक्ष्यांच्या फोटोग्राफीच्या ग्रुपांवर तोच प्रश्न: "१५०-६०० घेऊ की २००-५००?" हे लेन्सचे मिमीतले आकडे, आकडा मोठा तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो. खाली शंभर कमेंटी, प्रत्येकाचं वेगळं उत्तर. माझं मत कुणाला आवडत नाही, तरी लिहितो. कॅमेऱ्यासोबत आलेली ५५-२५० किंवा ७०-३०० घरात असेल, तर वर्षभर काहीही घेऊ नका. पक्षी जवळ कसा येईल ते बघा.

साधा हिशेब आहे. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २० सेंटिमीटर. २५० मिमीच्या लेन्सने तीन मीटरवरून टिपला तर सेन्सरवर तो १६-१७ मिमी लांब पडतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या एपीएस-सी मापाच्या सेन्सरची (फोटो टिपणाऱ्या चिपची) रुंदी २२-२३ मिमी. म्हणजे जवळजवळ पाऊण फ्रेम बुलबुलानेच भरली. आता ६०० मिमी लावा आणि तोच बुलबुल २० मीटरवरच्या झाडावर बघा. ६ मिमी. बाकी फ्रेमभर फांद्या आणि आभाळ. मग क्रॉप करायचा (कडा कापायच्या), मग नॉइज (दाणे) दिसतो, मग "लेन्सची कॉपी सॉफ्ट निघाली", म्हणजे माझ्या वाट्याला आलेली लेन्सच धूसर, म्हणून पुन्हा ग्रुपवर पोस्ट.

पक्षी जवळ आणायला पाणी पुरतं. मातीचा पसरट थाळा घ्या, १२ ते १४ इंचांचा, आतून खरखरीत. चकचकीत ग्लेझचा नको, त्यावर पाय घसरतात. पाणी काठाशी अर्धा इंच आणि मध्ये दीड इंच, त्याहून खोल नको, नाहीतर शिंपी आणि चष्मेवाला हे छोटे पक्षी नुसते काठावर बसून पाणी पिऊन जातात, आंघोळीला उतरत नाहीत. थाळा खोल असेल तर मध्ये एक चपटा दगड ठेवा. पाणी रोज बदलायचं, निदान एक दिवसाआड तरी, कारण उन्हाळ्यात डासाची अंडी ते डास हा प्रवास आठवड्याभरात पुरा होतो. घासायला काथ्या, साबण अजिबात नाही. वर पाण्याची बाटली उलटी टांगून बुचाला सुईने बारीक भोक पाडलं आणि दोन सेकंदांना एक थेंब पडत राहिला, तर साचलेल्या पाण्यापेक्षा जास्त पक्षी येतात. थेंबाचा आवाज त्यांना लांबून कळतो.

झुडपाला चिकटून थाळा ठेवू नका, मांजराची सोय होते. सहा-सात फूट मोकळी जागा हवी आणि उडून बसायला जवळपास एखादं झाड. धान्य, पाव, फरसाण काही टाकायचं नाही. त्याने कबुतरं येतात, ती आली की बाकीचे येत नाहीत, आणि २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून जो वाद झाला त्यानंतर सोसायटीच्या सेक्रेटरीला काय सांगणार? पाण्यावर बुलबुल, दयाळ, साळुंकी, मुनिया, सातभाई येतात आणि हिवाळ्यात नशीब असेल तर एखादा माशीमार.

फोटो मात्र थाळ्यावरचा काढायचा नाही. मातीच्या काठावर बसलेला पक्षी कुंडीतल्या खेळण्यासारखा दिसतो. एका कुंडीत वाळू भरून बोरीची किंवा बाभळीची वाळकी फांदी खोचा, थाळ्यापासून दीड फुटावर. पक्षी थेट पाण्यावर येत नाही. आधी फांदीवर बसून चारी बाजूंना बघतो आणि आंघोळीनंतर पिसं झटकायला पुन्हा तिथेच येतो. तुमचा फोटो या दोन वेळांचा. फांदी बोटाएवढी जाड पुरे, मनगटाएवढ्या फांदीवर शिंपी दिसणारसुद्धा नाही.

आणि फांदी लेन्सच्या दिशेने नको, आडवी हवी. २५० मिमी, तीन मीटर, एफ/५.६ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) या मापांना फोकसची खोली जेमतेम तीन सेंटिमीटर मिळते. फांदी तुमच्याकडे रोखलेली असेल तर पक्षीही तसाच बसतो, डोळा शार्प येतो आणि शेपटी धुक्यात जाते. एफ/८ केलं तर साडेचार सेंटिमीटर मिळतात, पण मागची भिंतही थोडी जास्त स्पष्ट होते. म्हणून मागची वस्तू, मग ते झाड असो की भिंत, फांदीपासून निदान पंधरा फूट लांब हवी. तीन फुटांवर भिंत असेल तर तिच्यावरचा प्रत्येक डाग फोटोत येतो, लेन्स कितीही महागाची असो.

बाल्कनीवाल्यांसाठी वेगळी जुळणी. थाळा आणि फांदी बाल्कनीच्या एका टोकाला पक्की बांधायची (खाली माणसं चालतात) आणि दुसऱ्या टोकाच्या दारातून, बाल्कनीच्या लांबीला धरून फोटो काढायचा. आठ-दहा फूट अंतर मिळतं. नर्सरीत मिळणारं हिरवं शेडनेट मध्ये टांगा, लेन्सपुरतं भोक पाडा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. जंगलछाप शर्टाची गरज नाही. पक्षी बिचकतो तो हालचालीला आणि शटरच्या आवाजाला. सायलेंट शटर असेल तर वापरा, फक्त बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याने फडफडते पंख वाकडे येतात. बसलेल्या पक्ष्याला ती अडचण नाही.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवा. उभं राहून खाली रोखलेला फोटो म्हणजे पाठ, डोकं आणि फरशी. पाटावर बसा. ट्रायपॉड नसेल तर जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही टोकं शिवा आणि दोन किलो तांदूळ भरा. खिडकी, कठडा, जीपची कड, सगळीकडे ही पिशवी चालते. पावसाळ्यात तांदळाला कीड लागते, तेव्हा रिकामी करून उन्हात टाकायची.

शटर बसलेल्या पक्ष्यालाही १/५०० सेकंद हवा, कारण मान सतत हलते. पिसं झटकताना थेंब गोठवायचे तर १/२०००. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर, वरची मर्यादा ६४००. पोरं आयएसओ ४०० वर ठेवून १/८० ने काढतात आणि फोटो हलला म्हणतात. नॉइज नंतर सॉफ्टवेअरने बराच कमी होतो, हललेला फोटो नीट करता येत नाही. एक्स्पोजरची खरी परीक्षा दयाळचा नर घेतो, काळी चमकदार पाठ आणि पांढरं पोट एकाच फ्रेममध्ये. मागे सावली असेल तर कॅमेरा फसतो आणि पोट पांढरंफटक जळतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) -०.७ पासून सुरू करा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकला तर आणखी खाली. काळा कोतवाल पक्षी उघड्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसला असेल तर उलट, +१.

मार्च ते मे भरदुपारी थाळ्यावर सगळ्यात जास्त गर्दी आणि प्रकाश सगळ्यात वाईट. तेव्हा थाळा इमारतीच्या पूर्वेला ठेवायचा. दुपारी तिथे सावली असते आणि समोरच्या उजळ आभाळाचा मऊ प्रकाश मिळतो.

एवढं जमलं की मग भिगवणला जा. उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला पहिल्यांदा जाणारे सगळे एकच चूक करतात, दहा वाजता पोहोचतात. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि शंभर मीटरवरचा पक्षी कुठल्याही लेन्सने शार्प येत नाही. ओळखायचं कसं? दहा फोटोंचा बर्स्ट (एकापाठोपाठ झपाझप फोटो) घ्या. प्रत्येकात कडा वेगवेगळ्या नागमोडी दिसल्या तर दोष हवेचा. शटर वाढवून, अ‍ॅपर्चर लहान करून फरक पडत नाही. उजाडताना पाण्यावर असायचं, बस. होडीचं मशीन चालू असेपर्यंत कोपर काठावर टेकू नका, थरथर थेट कॅमेऱ्यात येते. आणि नाववाल्याला आधीच सांगून ठेवा की उडतानाच्या फोटोसाठी थवा उठवायचा नाही. माना वर करून सगळे एकाच दिशेने चालायला लागले, म्हणजे आपण फार जवळ आलो. तिथेच थांबायचं.

आता ज्यावरून भांडण होतं ते. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या हा छोटा रंगीत पक्षी मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, आणि काही ठिकाणी बिळासमोर फांदी रोवून रांगेने ट्रायपॉड लागतात. चोचीत पाल घेऊन आलेला पक्षी आत न जाता समोर ताटकळतो, तोच फोटो पाचशे लाइक घेतो. तो ताटकळतो तो तुमच्यामुळे, आत पिल्लं उपाशी असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणंही मोडतं, हे फोटोखाली "नेचर लव्हर" लिहिणाऱ्यांनी एकदा वाचावं. नवरंग पक्ष्याला मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज ऐकवून बोलावणं त्याच जातीचं. विणीच्या दिवसांत तो दुसरा नर आला समजून हद्द राखायला धावतो, तेवढा वेळ चारा शोधणं बंद. असा फोटो दिसला तर मी लाइक करत नाही, आणि जागा विचारणाऱ्याला जिल्ह्यापलीकडे काही सांगत नाही.

पावसाळ्याचंच आणखी एक. लेन्स बॅगेत ठेवू नका, बॅगेचा फोम ओल धरून ठेवतो आणि हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरते. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. फार कोरडंही नको. निळे मणी गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे होतात, पण त्यातलं कोबाल्ट विषारी असतं, म्हणून स्वयंपाकाच्या कढईत नाही, त्यासाठी जुना तवा वेगळा ठेवा. नारिंगी मणी मिळाले तर तेच घ्या.